पुठ्ठ्याच्या फोटोफ्रेमवर कापड चढवताना

जुन्या खोक्याचा घडी न पडलेला भाग निवडून त्याचे दोन तुकडे, आतल्या पन्हळी एकमेकींना आडव्या येतील अशा बेताने चिकटवावेत, म्हणजे फ्रेम वाकत नाही. कापड सुतीच घ्यावे. सॅटिन नवख्या हाताला दाद देत नाही. खरी कसोटी आतल्या कोपऱ्यांची असते: फोटो दिसण्यासाठीच्या मधल्या मोकळ्या जागेवरचे कापड दुमडपट्टीपुरते 2 सेंटिमीटर राखून कापल्यावर प्रत्येक कोपऱ्याकडे तिरका छेद द्यावा आणि तो पुठ्ठ्याच्या 2 मिलिमीटर अलीकडेच थांबवावा, नाहीतर दर्शनी बाजूने पुठ्ठा डोकावतो. गोंद कापडाऐवजी पुठ्ठ्यालाच, तोही पातळ लावावा. जास्त झाल्यास डाग उमटतात. पाठ चिकटवताना वरची कड मोकळी ठेवावी, कारण फोटो तिथूनच आत सरकवायचा असतो.