मुंबईत लाँग वीकेंडला छोटं हॉटेल घेताय?

पहिल्यांदाच घेताय, तर फोटोंवर भाळू नका. कुलाबा, फोर्टमधली छोटी हॉटेलं बहुतेक जुन्या इमारतींत आहेत. उंच छत, लाकडी जिना, सगळं देखणं. पण लिफ्ट आहे का ते विचारा. माझ्या आईला घेऊन आम्ही एकदा तीन मजले चढलोय, बॅगांसकट! दुसरा प्रश्न खिडकीचा. ती रस्त्याकडे उघडते की आतल्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या मधल्या अरुंद मोकळ्या जागेत? कुलाबा कॉजवेच्या बाजाराकडची खोली उजेडाची खरी, पण तिथे गजबज असते. झोप हलकी असेल तर मागची खोली मागा, आणि हे सगळं थेट फोन करून विचारा. बोलण्यावरूनच माणसं कशी आहेत ते कळतं.

दर बघताना कर धरा: खोलीचं भाडं रोजचं ७५०० रुपयांच्या वर गेलं की जीएसटी ५ ऐवजी १८ टक्के लागतो. म्हणजे ७४०० आणि ७६०० मधला फरक २०० रुपयांचा नाही.

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, म्हणून मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्टेशन चालत गाठता येईल असं बघा. आणि फिरायचा बेत असेल तर घारापुरीची (एलिफंटा) लेणी सोमवारी बंद.