वाचकांचे प्रश्न : चांदी-तांब्याला पुरून उरणारे जंतू

प्रश्न : प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण प्लाझ्मिडवरून, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या वर्तुळावरून, पसरतो, हे ठाऊक होतं. पण त्याच प्लाझ्मिडवर चांदी-तांब्याला तोंड देणारी आणि आजार तीव्र करणारी जनुकंही असतात, असं हल्लीच वाचलं. यांचा संबंध काय? आणि प्रतिजैविकं जपून वापरली की हे थांबेल ना?

उत्तर : तेवढ्यानं थांबणार नाही. का, ते मी विद्यार्थ्यांना प्लेटवरच दाखवते. एक ई. कोलाय (आतड्यात राहणारा जिवाणू) पाऱ्याला दाद न देणारा, पण रिफाम्पिसिन या प्रतिजैविकानं मरणारा. दुसरा पाऱ्यानं मरणारा, पण रिफाम्पिसिनमध्ये तगणारा. दोन्ही मिसळून रात्रभर ठेवायचे आणि पारा व रिफाम्पिसिन घातलेल्या आगरवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) पसरायचे. खरं तर दोघांनीही मरायला हवं. तरी दुसऱ्या दिवशी वसाहती उगवतात, कारण पहिल्याचं प्लाझ्मिड दुसऱ्यात गेलेलं असतं. त्या वसाहती स्ट्रेप्टोमायसिन या आणखी एका प्रतिजैविकाच्या प्लेटवर टेकवल्या, तर तिथेही वाढतात! या प्रयोगात त्यांची स्ट्रेप्टोमायसिनशी गाठही पडलेली नसते.

याचं कारण बहुधा टीएन २१ सारखा उड्या मारणारा जनुकखंड. त्याच्यावर पाऱ्याचा 'मर' जनुकसंच आणि स्ट्रेप्टोमायसिन, सल्फा औषधं यांना निकामी ठरवणारी जनुकं एकत्र असतात. जपानमध्ये १९५०च्या दशकात आमांशाच्या शिगेला या जंतूत सापडलेल्या एका प्लाझ्मिडवर तो आहे. 'मर'मधलं एक विकर विषारी पाऱ्याची वाफ करून ती पेशीबाहेर घालवतं. अंधारात वसाहतींवर एक्स-रे फिल्म धरली, तर त्या वाफेनं फिल्मवर काळे डाग उमटतात. विद्यार्थ्यांना हे फार आवडतं. म्हणजे नुसता पारा असला, तरी प्लाझ्मिडवाले जगतात आणि त्यांच्याबरोबर बाकीची जनुकंही टिकतात.

चांदीचंही तेच. १९७५ साली बॉस्टनच्या एका रुग्णालयातल्या भाजलेल्या रुग्णांमध्ये सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला जंतू सापडल्याची नोंद झाली. तो अँपिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉललाही दाद देत नव्हता.

आजाराच्या तीव्रतेसाठी क्लेब्सिएला न्यूमोनिए या जंतूचं पीएलव्हीपीके हे प्लाझ्मिड पाहा. सुमारे २ लाख १९ हजार बेसजोड्यांचं (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचं) हे लांबलचक प्लाझ्मिड. रक्तातलं लोह खेचून घेणारं एरोबॅक्टिन आणि जाड, चिकट आवरण यांची जनुकं त्याच्यावर आहेत. शिवाय तांबं, चांदी, शिसं आणि टेल्युराइट या विषारी संयुगालाही तोंड देणारी. ते स्वतःहून दुसऱ्या पेशीत जात नाही. सोबतच्या दुसऱ्या प्लाझ्मिडच्या मदतीनं मात्र जाऊ शकतं. मला सगळ्यात जास्त काळजी याच जोडीची वाटते.

म्हणून धातूंच्या वापरावरही लक्ष हवं. डुकरांच्या खाद्यातल्या तांब्यावर युरोपीय संघानं मर्यादा घातल्या, आणि पिल्लांना औषध म्हणून दिलं जाणारं झिंक ऑक्साइड २०२२पासून बंद केलं. भाजल्यावर डॉक्टरांनी चांदीचं मलम दिलं, तर ते बिनदिक्कत लावा. मोज्यांना वास येऊ नये म्हणून त्यात चांदी घालणं मात्र मला अजिबात मान्य नाही.