नवीन आलेल्याला माझ्यापेक्षा जास्त पगार आहे. साहेबांकडे वाढ कशी मागू?

ताई, तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीजवळच्या मासळी प्रक्रिया कारखान्याच्या लॅबमध्ये तुम्हाला सहा वर्षं झाली, हातात 20 हजार येतात, आणि ज्याला तुम्हीच काम शिकवलंत त्या मुलाला 27 हजार आहेत. वाचून पोटात कालवलं. मी लोटे परशुरामच्या एका केमिकल कंपनीत क्यूसी (मालाचा दर्जा तपासणाऱ्या) लॅबला अकरा वर्षं काढली आहेत आणि हे माझ्याही वाट्याला आलं होतं.

आधी एक हिशोब करा. त्याचे 27 हजार हातात येणारे आहेत की सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्याच्यावरचा एकूण खर्च? नवी मुलं बहुतेक वेळा ऑफर लेटरवरचा आकडा सांगतात. त्या आकड्यात कंपनीने भरायचा पीएफ धरलेला असतो. पीएफ 15 हजारांवर कापत असतील तर कंपनीचे 1,800 आणि त्याचे स्वतःचे 1,800 बाजूला काढा. व्यवसाय कराचे 200 वजा करा. (तुम्हाला तो कर नाही. 2023 च्या एप्रिलपासून महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे.) म्हणजे त्याच्या हातात 23,200 राहतात. बोनस आणि ग्रॅच्युइटीही सीटीसीत दाखवली असेल तर त्याहून कमी. फरक उरतोच, पण सात हजारांचा तीन हजारांवर येतो. साहेबांसमोर चुकीचा आकडा घेऊन गेलात, तर बोलणं तिथेच संपतं.

माझं तसंच संपलं होतं. आमच्याकडे पुण्याकडचा एक मुलगा लागला, दोन वर्षांच्या अनुभवाचा. जेवणाच्या सुट्टीत त्याने सहज पे स्लिप दाखवली. मला रात्रभर झोप नाही. सकाळी बसमधून उतरले ती तडक केबिनमध्ये. “त्याला एवढे, मग मला का नाही?” साहेबांनी शांतपणे विचारलं, “तुला आकडा कुणी सांगितला?” आणि मग म्हणाले, “अगं, तुला कुठे खोलीचं भाडं आहे? घरचं खातेस, संध्याकाळी घरी जातेस.” मला पुढे एक शब्द सुचला नाही. त्या मुलाला मात्र दुपारी बोलावून झापलं. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

“घरचं खातेस” हे वाक्य कोकणात मागे राहिलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. बाहेरचा माणूस लोट्याला किंवा रत्नागिरीला आणायचा तर कंपनीला जास्त मोजावे लागतात. आपण कुठे जाणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं: सासू-सासरे आहेत, मुलांची शाळा आहे, दारात चार कलमं आहेत. त्यात नोकरी कुणाच्या तरी ओळखीने लागलेली असते, मग तोंड उघडणंच उपकार विसरल्यासारखं वाटतं. पण माझं भाडं वाचतं ते माझ्या सासऱ्यांनी बांधलेल्या घरामुळे. ती सवलत त्यांनी मला दिली आहे, कंपनीला नाही. हे मला वर्षभराने उमगलं, आणि तुम्ही आजच धरून ठेवावं असं मनापासून वाटतं.

म्हणूनच तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला खटकलं. “मुलीच्या क्लासची फी आणि आईंची औषधं आहेत असं सांगू का?” नका सांगू. तुम्ही खर्च काढलात की साहेबही खर्चच काढतील, आणि त्या हिशोबात भाडं भरणारा मुलगा तुमच्यापुढे जाणार. त्याचा पगारही काढू नका. बोलणं फक्त तुमच्या जागेवर ठेवा: या जागेवर काय काम होतं आणि ते कोण करतं.

मी एक वही घातली. महिन्याला किती बॅचेस तपासल्या, कुठली उपकरणं कॅलिब्रेशनला माझ्याकडे असतात, ऑडिटला कुठले कागद मी मांडले, कोणाला शिकवून तयार केलं. एकदा कच्च्या मालातला दोष माझ्या टेबलावर पकडला गेला होता, तो तारखेसह लिहिला. तुमच्याकडे तर याहून ठळक गोष्टी असतील. बांगडा आणि कुप्यातलं हिस्टामिन, कोळंबीतले अँटिबायोटिकचे अंश, कोल्ड स्टोरेजचे उणे 18 चे रेकॉर्ड. यातला एक रिपोर्ट चुकला तर परदेशी बंदरातून कंटेनर परत येऊ शकतो. तो चुकत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लिहून काढा, एका पानात बसवा आणि शेवटी आकडा लिहा. “थोडं बघा ना साहेब” असं म्हणू नका, कारण थोडं म्हणजे पाचशेही होतात.

आकडा ठरवताना ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, बघायला विसरू नका. 2017 साली त्याची मर्यादा महिना 21 हजार झाली. सध्याची मर्यादा ओलांडली की चालू सहामाही संपल्यावर वर्गणी थांबते, आणि पुढे काही महिन्यांनी घरच्यांचे दवाखान्याचे उपचारही बंद होतात. मर्यादेच्या जरा वर नेणारी वाढ मिळाली आणि घरात कुणाला कायमचे उपचार लागत असतील, तर ती वाढ तोट्याची ठरेल. त्यामुळे एकतर बऱ्यापैकी वर मागा किंवा सोबत आरोग्य विमा मागा.

कायद्याचं विचारलंय. केवळ बाई म्हणून सारख्या कामाला कमी पगार देणं 1976 च्या समान वेतन कायद्याने बंद केलं. आता तीच तरतूद 2019 च्या वेतन संहितेत आहे आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. पण शिक्षण, अनुभव किंवा नेमणुकीची वेळ यावरून पडलेला फरक त्यात येत नाही. तुमच्या लॅबमधल्या सगळ्याच बायकांचा पगार पुरुषांपेक्षा कमी असेल तर प्रकरण वेगळं. तेव्हा एकटीने जाऊ नका, सगळ्या मिळून लेखी द्या.

वेळही नीट निवडा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, माल कमी येतो, तेव्हा कुठलाही मालक हात आखडता घेतो. गणपतीच्या आधी सगळा कारखाना रजेच्या मागे लागलेला असतो. पगारवाढीची पत्रं एप्रिलला निघत असतील तर आकडे आधीच ठरतात, शिमग्यापर्यंत थांबलात तर उशीर होतो. मी दुसऱ्यांदा जानेवारीत गेले. मागितलेल्यातलं निम्म्याहून थोडं जास्त लगेच मिळालं. उरलेलं ऑक्टोबरपासून देऊ म्हणाले, ते मी त्याच दिवशी ईमेलवर लिहून घेतलं, आणि ऑक्टोबरला मिळालं.

आणि त्या मुलाशी अबोला धरू नका. आमच्याकडचा मुलगा वर्षाअखेरीस नोकरी सोडून गेला. जाताना त्याने मला सांगितलं, की त्याच्या जागी नवा माणूस आणायला कंपनी किती द्यायला तयार आहे. जानेवारीतल्या माझ्या पानावर शेवटी लिहिलेला आकडा तोच होता.