धनेश पक्ष्याचा नर मादीला झाडाच्या ढोलीत कोंडून ठेवतो, हे खरं आहे का? हा पक्षी दिसतो कसा आणि राहतो कुठे?

नर कोंडत नाही. मादी आपणहून आत जाते आणि आतून दार लिंपून घेते. लहानपणी मीही हेच ऐकलं होतं, की नर तिला डांबून ठेवतो. देवरुखकडच्या एका देवराईत बेहड्याच्या झाडासमोर दोन सकाळी बसलो, तेव्हा डोक्यातलं ते चित्र पुसलं गेलं.

बेहड्याचं खोड दोघांच्या कवेत मावणार नाही एवढं. उंचावर ढोली, पण तोंड जवळजवळ बुजलेलं. मातकट लिंपणात फक्त एक उभी चीर, चोचीचं टोक बाहेर येईल एवढीच. हे लिंपण म्हणजे मुख्यतः मादीची विष्ठा आणि फळांचा चोथा. वाळलं की कडक होतं आणि पिल्लांवर टपलेल्यांना आत शिरता येत नाही.

नर दिसायच्या आधी ऐकू आला. धनेशाच्या पंखांच्या खालच्या बाजूला पिसांची मुळं झाकणारी छोटी पिसं नसतात, त्यामुळे त्यांतून हवा जाताना जोराचा सूं-सूं आवाज होतो. नर खोडाला बिलगून बसला, मान पुढेमागे हलवली आणि गळ्यात साठवलेलं एक फळ चोचीच्या टोकाशी आणलं. चिरेतून मादीची चोच आली, फळ गेलं. मग दुसरं, मग तिसरं. रिकामा होईपर्यंत एकेक करून देत राहिला. त्याची ती सावकाश, न चुकणारी हालचाल मी विसरू शकत नाही.

आमच्याकडे याला ककणेर म्हणतात, पुस्तकात मलबारी कवड्या धनेश. घारीएवढा, पाठ काळी, पोट पांढरं, पिवळसर चोचीवर शिरस्त्राणासारखा उंचवटा आणि त्यावर काळा डाग. नर-मादी ओळखायची खूण सोपी आहे: मादीच्या डोळ्याभोवतीची कातडी पांढुरकी असते, नराची काळसर निळी.

याच्याहून मोठा महाधनेश. कोकणात त्याला गरुडच म्हणतात. लांबी मीटरभर, वजन तीन किलोच्या आसपास. नराचे डोळे लाल, मादीचे पांढुरके. चोच आणि मानेवर जो पिवळा रंग दिसतो, तो बराचसा शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतल्या तेलाचा. पक्षी तो स्वतःच फासतो. डोक्यावरचं शिंग जड वाटतं, पण आतून पोकळ असतं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या चिन्हावरचा पक्षी हाच. कारवारहून आलेलं एक पिल्लू १८९४ ते १९२० अशी सव्वीस वर्षं त्यांच्या कार्यालयात राहिलं, नाव विल्यम. संस्थेच्या इमारतीला हॉर्नबिल हाउस म्हणतात, ते उगीच नाही.

सह्याद्रीत एकूण चार जाती. उरलेल्या दोन राखी: मलबारी राखी धनेश दाट जंगलात, आणि साधा राखी धनेश तर पुण्या-मुंबईतल्या जुन्या झाडांवरही सापडतो.

आता मादीकडे परत येतो, कारण खरी गंमत आत आहे. आत गेल्यावर ती अंडी घालते (महाधनेशाची एक किंवा दोन) आणि त्याच काळात तिची उडण्याची पिसं गळून नवी येतात. म्हणजे काही आठवडे ती उडूच शकत नाही. महाधनेशाची अंडी उबायला जवळपास चाळीस दिवस लागतात. तेवढे दिवस आणि पुढेही काही काळ घराचं सगळं ओझं एकट्या नरावर. त्याला कोणी मारलं, तर पिसं गळालेली मादी आणि पिल्लं आत उपाशी राहतात. म्हणून विणीच्या काळात या पक्ष्याची एक शिकार म्हणजे एकाचा जीव घेणं नव्हे. महाधनेशात पुढे मादी लिंपण फोडून बाहेर येते, पिल्लू आतून पुन्हा चीर लिंपून घेतं आणि मग दोघं मिळून त्याला भरवतात.

वड, पिंपळ, उंबर यांची फळं हे यांचं मुख्य खाणं. ककणेर काजऱ्याची फळंही खातो. बिया उलटीतून किंवा विष्ठेतून पडतात. मी पाहिलेल्या ढोलीखाली बियांचा सडा होता आणि त्यांतली काही रोपं बोटभर वाढलेली होती. ढोली शोधायची तर मान वर करण्याआधी जमिनीकडे बघा, हे मला तिथल्या एका जाणत्या काकांनी सांगितलं होतं.

धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून कुजलेली, सुतार पक्ष्याने पोखरलेली, वयाने पोकळ झालेली जागाच लागते, आणि ती जुन्या, जाड झाडातच मिळते. कोकणात अशी झाडं आता बऱ्याच ठिकाणी फक्त देवरायांत उरली आहेत. बेहडा लाकडासाठी जातो, तेव्हा वर्षानुवर्षं तिथेच परतणाऱ्या जोडीचं घर जातं.

बघायचा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये फळांनी लगडलेला वड गाठा आणि सकाळी लवकर जा. ढोली सापडलीच तर लांब, झाडाआड बसा. माणूस जवळ दिसला की नर गळ्यात फळं घेऊन दूरच्या फांदीवर ताटकळतो आणि तेवढा वेळ आतली चोच चिरेशी वाट बघत असते.