फायरफॉक्स खात्यात लॉगिन पुन्हा पुन्हा फसतंय? फोनवरचं फायरफॉक्स तेवढं काढू नका

नमस्कार ताई. आधी एक विनंती. फोनवरचं फायरफॉक्स अनइन्स्टॉल करू नका, त्याचा डेटा क्लिअर करू नका आणि ‘पासवर्ड विसरलात?’ला आता तिसऱ्यांदा हात लावू नका. बाकीचं सगळं सावकाश झालं तरी चालेल.

तुमच्या लिहिण्यावरून मला कळलं ते असं: लॅपटॉपवर विंडोज नव्यानं टाकून घेतलं. तेव्हापासून फायरफॉक्सचं खातं तुमचा नेहमीचाच पासवर्ड चुकीचा ठरवायला लागलं. तुम्ही दोनदा पासवर्ड रीसेट केला. आता लॅपटॉपवर लॉगिन होतं, पण बुकमार्क रिकामे दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘साइन इन करा’ येतं. फोनवर नवा पासवर्ड चालत नाही, पण जुने बुकमार्क तिथे अजून दिसतात.

ही एकच अडचण वाटते, पण दुखणी तीन आहेत. सगळ्यात महत्त्वाचं बुकमार्कचं, म्हणून तेच आधी घेतो.

फायरफॉक्सच्या खात्याचा पासवर्ड (2023 पासून या खात्याला मोझिला अकाउंट म्हणतात) इतर साइटच्या पासवर्डसारखा नुसता दार उघडायला नसतो. त्या पासवर्डच्याच आधारानं तुमचं ब्राउझर बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी तुमच्याच मशीनवर कुलूपबंद करतं आणि मग सर्व्हरवर पाठवतं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडे ते कुलूप उघडायची सोय नाही, आणि ते आपल्या भल्याचंच आहे. पण यामुळे ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून रीसेट केला की सर्व्हरवरचा जुना डेटा कोणालाच उघडता येत नाही आणि तो पुसला जातो. अपवाद एकच: तुम्ही आधी खात्याच्या सेटिंग्जमधून 32 अक्षरांची रिकव्हरी की (डेटा परत उघडून देणारी किल्ली) काढून ठेवली असेल तर. जुना पासवर्ड माहीत असताना खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो बदलणं ही निराळी गोष्ट. त्यात डेटा शाबूत राहतो. ‘बदलणं’ आणि ‘विसरलो’ यांतला हा फरक साइन इनच्या पानावर ठळकपणे समोर येत नाही, आणि माणसं घाईत ‘विसरलो’कडे जातात. तुमची यात काही चूक नाही.

म्हणजे आज तुमच्या बुकमार्कची एकमेव प्रत तुमच्या फोनमध्ये आहे. फोन खात्यापासून तुटला असला तरी त्याच्या पोटातली प्रत तशीच असते. नव्या पासवर्डनं फोन पुन्हा जोडला की तो आपल्याकडचं सगळं वर चढवतो आणि मग ते लॅपटॉपवर उतरतं.

आता फोनवर नवा पासवर्ड का चालत नाही? मला दाट शंका आहे ती कीबोर्डची. विंडोज नव्यानं टाकताना भाषा ‘इंग्लिश, युनायटेड किंग्डम’ निवडली गेली की कीबोर्डही ब्रिटिश होतो. आपल्याकडच्या लॅपटॉपच्या बटणांवर छापलेलं असतं अमेरिकन पद्धतीनं. मग शिफ्ट धरून 2 दाबलं की ॲट द रेटच्या ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं. पासवर्डच्या चौकटीत दोन्हीचा ठिपका सारखाच दिसतो! म्हणून आधी तुमचा खरा पासवर्ड चुकीचा ठरला असणार. आणि रीसेट करताना तुम्ही ॲट द रेट समजून जे टाइप केलंत, ते खात्यात अवतरणचिन्ह म्हणून बसलं असणार. लॅपटॉपवर तीच चूक रोज होते म्हणून लॉगिन होतं, फोनवर बरोबर चिन्ह टाकता म्हणून होत नाही. मराठी कीबोर्ड चालू राहिला तरी असाच घोळ होतो.

तपासायला अगदी सोपं आहे. लॅपटॉपवर नोटपॅड उघडा, पासवर्ड टाइप करा, नीट बघा आणि सेव्ह न करता बंद करा. किंवा पासवर्डच्या चौकटीतला डोळा दाबून बघा. चिन्ह वेगळं निघालं तर विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड अमेरिकन करा. यादीत तो नसेल तर विंडोजच्या भाषेच्या सेटिंग्जमधून आधी जोडून घ्या. मग जे चिन्ह खरोखर बसलं आहे तेच टाकून खात्याच्या सेटिंग्जमध्ये जा आणि तिथून पासवर्ड बदला. रीसेट नको. नवा पासवर्ड लांब ठेवा, पण त्यात साधी अक्षरं आणि आकडेच ठेवा. नंतर फोनवर तो घाला, डोळा दाबून खात्री करा. फोनचा कीबोर्ड कधी पहिलं अक्षर मोठं करतो, कधी ईमेलच्या शेवटी स्पेस सोडतो, तेही बघा. सारख्या चुका झाल्या की खातं थोडा वेळ प्रयत्नच घेत नाही. तेव्हा बरोबर पासवर्डही फसतो, म्हणून थांबून मगच करा.

फोन जोडला गेला की वायफायवर ठेवून ‘सिंक नाऊ’ दाबा (सिंक म्हणजे खात्यातून सगळ्या मशीनवरचा डेटा एकसारखा ठेवणं). लॅपटॉपवर बुकमार्क आले की लगेच कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून लायब्ररी उघडा आणि ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’मधून एचटीएमएल फाइल पेनड्राइव्हवर काढून घ्या. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं.

आता रोज लॉगआउट होण्याचं. फायरफॉक्स सिंकच्या किल्ल्या सेव्ह केलेल्या पासवर्डच्या कोठारातच ठेवतं. कॉम्प्युटर ‘साफ’ करणारं एखादं सॉफ्टवेअर विंडोजबरोबर कुणी टाकून दिलं असेल आणि त्यात ‘सेव्ह्ड पासवर्ड’वर टिक असेल, तर ते रात्री या किल्ल्याही झाडून नेतं. ते टिक काढा, किंवा खरं सांगायचं तर ते सॉफ्टवेअरच काढा. प्रायमरी पासवर्ड (सेव्ह केलेल्या पासवर्डच्या कोठाराला लावायचं कुलूप) लावला असेल आणि तो विचारल्यावर तुम्ही कॅन्सल करत असाल, तरी सिंक अडतं. आणि साइन इनचं पानच कुकीज चालू करा म्हणत असेल, तर प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फायरफॉक्सच्या खात्याच्या पत्त्याला कुकीजची परवानगी द्या.

घड्याळही बघून घ्या. माझ्या आतेभावाच्या दुकानातला जुना डेस्कटॉप रोज सकाळी एकाही साइटवर लॉगिन होऊ देत नसे. दोन वेळा फॉरमॅट झाला. शेवटी मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपलेला निघाला. वीज गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जायची, आणि साइटची प्रमाणपत्रं ब्राउझरला खोटी वाटायची. एका सेलनं काम झालं. टू-स्टेपचा, म्हणजे पासवर्डनंतर फोनमधल्या ॲपमधून बघून घालायचा, सहा आकडी कोड मात्र फोनच्या घड्याळावर चालतो आणि दर 30 सेकंदांनी बदलतो. तो फसत असेल तर फोनची वेळ ‘ऑटोमॅटिक’वर आहे ना, ते पाहा.

एवढं करूनही सिंक अडलं तर लॅपटॉपच्या ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत ‘अबाउट’, मग कोलन, मग ‘सिंक-लॉग’ असं टाइप करा. ज्या फाइलच्या नावात ‘एरर’ आहे त्यातली सगळ्यात नवी उघडा आणि शेवटच्या आठ-दहा ओळी मला कळवा. त्यात तुमचा ईमेल दिसला तर तो आधी काढून टाका. पासवर्ड, रिकव्हरी की किंवा मेलवर आलेला कोड मात्र कुणालाच पाठवू नका, मलाही नाही.