वाचकांचे प्रश्न : ‘पात्रांव’ म्हटल्याचा राग मानावा का?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी कोल्हापूरहून म्हापशाला राहायला आलो आहे. येथील भाजीवाले, दुकानदार आणि वयाने लहान असलेले सहकारीसुद्धा मला ‘पात्रांव’ म्हणतात. काही जण तर पहिल्याच भेटीत ‘तूं’ म्हणतात. ही थट्टा समजावी की आदर? आणि अनोळखी माणसाला मी काय म्हणून हाक मारावी?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : थट्टा समजू नये, आणि फार मोठा आदरही समजू नये. पोर्तुगीज अमदानीत ‘पात्रांव’ म्हणजे मालक. १९६१ साली ती राजवट गेली, पण हाक मागे राहिली आणि आता ती मुंबईतल्या ‘बॉस’प्रमाणे बहुधा पुरुषच एकमेकांना मारतात. ‘किदें रे पात्रांव?’ असे विचारणारा मनुष्य तुम्हांला मालक मानत नाही, फक्त आपल्यात घेतो. (त्याच ओघात कोणी ‘मरे’ म्हणाल्यास दचकू नये, मरणाशी त्याचा काही संबंध नाही, ते बरोबरीच्यांमधले केवळ संबोधन आहे.) मात्र वडीलधाऱ्या गृहस्थाला नवख्याने ‘पात्रांव’ म्हटलेले शोभत नाही.

‘तूं’ने आपल्या कानाला खटकणे स्वाभाविक आहे, परंतु मराठीत जिथे ‘तुम्ही’ आपोआप येते तिथे कोंकणीत पुष्कळदा ‘तूं’ येते, आणि मराठी बोलतानाही ही सवय सुटत नाही.

आपल्यासाठी सर्वांत निर्धोक हाक म्हणजे ‘बाब’. पुरुषाच्या नावापुढे ‘बाब’ आणि स्त्रीच्या नावापुढे ‘बाय’ लावले की आदर आणि जवळीक दोन्ही साधतात. गोमंतकाला पदापेक्षा नात्याची हाक अधिक रुचते, हे राजकारणातही दिसते : पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर लोकांचे ‘भाऊ’, त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर ‘ताई’, मनोहर पर्रीकर ‘भाई’, सत्तरी तालुक्यातील प्रतापसिंह राणे यांना ‘खाशे’ म्हणत, तो मात्र घराण्याचा मान.

नाव ठाऊक नसेल तर व्यवसायावरून हाक मारलेली काही ठिकाणी चालते. मोटारसायकलवरून भाड्याने नेणाऱ्याला सारा गोवा ‘पायलट’ म्हणतो आणि पाववाल्याला ‘पोदेर’. परंतु ज्या व्यवसायनामाला जातीचा वास आहे, ते नवख्याने तोंडी घेऊ नये.

एक शब्द मात्र हसण्यावारी नेऊ नये असे आम्हांस वाटते. ‘घाटी’ ही हाक घाटापलीकडून आलेल्यांना उद्देशून असते, आणि म्हणणारा कितीही हसत म्हणो, तिच्यात हिणवणे असतेच. ती कोणी आपणांस मारल्यास तिथल्या तिथे शांतपणे ‘मला नावाने हाक मारा’ असे सांगावे. बरोबरीच्या सहकाऱ्यांना मात्र आपणही खुशाल ‘पात्रांव’ म्हणावे. वरिष्ठांना ते स्वतः तसे बोलू लागेपर्यंत ‘सर’ पुरे.