बेळगावात ३० बाय ४०च्या प्लॉटवर जुन्या घराचा बाज कसा आणावा?

तुमचा ३० बाय ४० फुटांचा प्लॉट आहे, घरात सगळ्या सोयी हव्यात, पण आपल्याकडच्या जुन्या घराचा बाजही हवा, आणि सध्या जे चाललंय (चौक, जांभ्याची भिंत, उतरतं छप्पर) त्यातलं काय घ्यावं असं तुम्ही विचारलंय. मी मूळचा खानापूर तालुक्यातला. चार वर्षांपूर्वी बेळगावच्या अनगोळात एवढ्याच जागेत घर बांधलं. त्यात राहून जे कळलं ते सांगतो.

सगळ्यात आधी सोप्याला, म्हणजे घराच्या पुढच्या उघड्या ओसरीला, जागा काढा. बाकीचं नंतर ठरवा.

आमच्या गावच्या घरात जोत्याच्या पायऱ्या चढलं की सोपा. खांबाला टेकून आजोबा बसायचे, सुगीत भाताची पोती तिथंच लागायची, आलेला माणूस तिथंच टेकायचा आणि माजघरातली कामं आपापली चालू राहायची. शेजारच्या कन्नड घरात त्यालाच पडसाल म्हणायचे. आता नव्या कॉलनीत दार उघडलं की माणूस थेट टीव्हीसमोर येतो. मी हॉलमधून जागा काढून सात फूट खोल सोपा केला तेव्हा हॉल लहान होईल म्हणून घरातल्या सगळ्यांचा विरोध होता. आज संध्याकाळी हॉलमध्ये कोणी नसतं. आई शेंगा फोडत सोप्यात बसते, मुलं कट्ट्यावर अभ्यास करतात, गल्लीतल्या बायका येता-जाता थांबतात. घराला बाज येतो तो याने.

चौकाचा मोह मलाही झाला होता. सहा बाय सहाचा उघडा चौक ठेवला. पहिल्याच आषाढात झड आत आली आणि जिन्यापर्यंत फरशी ओली. मग वरून पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकून घेतला, तर चैत्रात खालची जागा भट्टीसारखी तापायला लागली. शेवटी पत्रा फूटभर उचलून चारही बाजूंनी हवेला वाट ठेवली, तेव्हा कुठं जमलं. मागचे-पुढचे सेटबॅक (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) सोडल्यावर ३० बाय ४०त उरतं किती? चौक मोठ्या वाड्यांना शोभतो. आमच्याकडच्या साध्या शेतकऱ्याच्या घरात चौक नसायचाच, उजेड यायचा तो काचेच्या कौलातून. माजघरात त्या एका कौलाचा उजेडाचा तुकडा सकाळी भिंतीवर असायचा, मग हळूहळू जमिनीवर उतरायचा. तो जात्याजवळ आला की आजी भाताचं आधण ठेवायची. घड्याळ होतं, पण ती बघायची नाही. तुम्ही जिन्यावर अशी दोन काचेची कौलं बसवा, चौकाचं निम्मं काम होईल.

जांभा वापरायचाय तर खरा चिरा वापरा. हल्ली सिमेंटच्या भिंतीवर जांभ्याच्या पातळ चकत्या चिकटवतात. मागे पाणी शिरलं की त्या सुटायला लागतात. खाणीतून काढलेला जांभा मऊ असतो, हवेत राहून घट्ट होतो, पण पाणी पितो. म्हणून जोतं काळ्या दगडाचं आणि त्यावर जांभा घ्या, अन् वर भरपूर वळचण. आमच्या मेस्त्रींनी आराखडा बघण्याआधी एकच गोष्ट विचारली होती, “पाऊस कुठनं येतोय बघितलासा काय?” आपल्याकडे झड पश्चिमेकडून येते, त्या भिंतीला तीन फूट तरी छप्पर पुढं हवं. पागोळ्या शेजाऱ्याच्या हद्दीत पडणार नाहीत हे मात्र आधीच मोजून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात बोलणं बंद.

आणि हो, हा सगळा जांभा-कौलांचा बाज खानापूर-बेळगावच्या पावसाळी पट्ट्याचा. प्लॉट अथणी-चिकोडीकडे असता तर मी दुसरंच सांगितलं असतं. तिकडे काळी माती, पाऊस कमी, जाड भिंती आणि मातीचं माळवद, म्हणजे सपाट छत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पायाचा विचारच वेगळा.

उतरत्या स्लॅबवर सिमेंटमध्ये कौलं बसवतात ते करू नका. खाली ओल राहते, शेवाळ धरतं, आणि एक कौल फुटलं तरी बदलताना आजूबाजूची चार निघतात. स्लॅबवर रिपा (आडव्या पट्ट्या) मारून मंगळुरी कौलं त्यांना अडकवा. मधल्या फटीतून हवा खेळते, स्लॅब फार तापत नाही. पन्नासेक कौलं जास्तीची घेऊन ठेवा, माकडं फोडतात. पैसे वाचवायचे तर फिलर स्लॅबबद्दल इंजिनिअरशी बोला. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथं काँक्रीटवर भार येत नाही, तिथं कौलं घालतात, त्यामुळे काँक्रीट कमी लागतं. खालून छताला कौलांची तांबडी नक्षी दिसते, वेगळं फॉल्स सीलिंग नको.

जुनं लाकूड मिळालं तर सोडू नका. पाडलेल्या घरांचे सागवानी खांब आपल्याकडे अजून मिळतात. फक्त बुडाशी वाळवी आहे का ते टोचून बघा. मी गावच्या घराची चौकट आणली, पण तिची उंची साडेपाच फूट, मुख्य दाराला कुठून लागणार? ती देवघराला लावली. आता आत जाताना सगळे आपोआप वाकतात.

तुमच्या प्लॉटचा रस्ता कुठल्या बाजूला आहे ते प्रश्नात नाही. पूर्वेला असेल तर सोपा बिनधास्त उघडा ठेवा. पश्चिमेला असेल तर कट्टा कडेला न घेता आतल्या भिंतीला लावा आणि पुढं कमरेएवढी जांभ्याची भिंत उभी करा, म्हणजे भर पावसातही कोरडं बसता येईल.